कोरायची राहिलेली बाजू

१

आधी मला एक सांगा, विश्वास कुणावर ठेवायचा? एकीकडे पुस्तक आहे, जाड पुठ्ठ्याचं, मोठमोठ्या विद्वानांनी तपासलेलं. दुसरीकडे तुमचा स्वतःचा डोळा, तोही चाळिशी लागलेला. दोघं एकाच वस्तूबद्दल वेगवेगळं सांगतायत. कुणाचं खरं मानाल? घाई नाही. चहा येऊ दे. जहूर परकारने याचं उत्तर चहा यायच्या आधीच देऊन टाकलं होतं, आणि ती सवय त्याला कुठे घेऊन गेली तेच सांगायला बसलोय.

जहूर मूळचा हर्णैचा. कतारला, दोहाच्या बिन महमूद भागात त्याचं छोटं दुकान: घड्याळांचे पट्टे, सेल, दुरुस्ती, आणि आतल्या काचेच्या कपाटात जुनी पोस्टाची तिकिटं, नोटा, नाणी. दहावीपुढे शाळा झाली नाही. ग्रीक अक्षरं तो एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेल्या कॅटलॉगच्या झेरॉक्सवरून शिकला, जसा घड्याळ उघडून उघडून घड्याळ शिकला होता तसाच. एकदा एक फ्रेंच साहेब मोठ्या ऐटीत चांदीचं रोमन नाणं घेऊन आला. जहूरने ते चहाच्या बशीवर वाजवलं, कान लावला आणि म्हणाला, "साहेब, हे तुमच्यापेक्षा वयाने लहान आहे." साहेब रागावून गेला, आणि पुढच्या आठवड्यात मित्राला घेऊन परत आला. असा जहूर.

त्याची आवड होती ती प्रांतातली नाणी. रोमच्या बादशहाने दूरदूरच्या शहरांना आपापली तांब्या-पितळेची नाणी पाडायची मुभा दिली होती. एका बाजूला बादशहाचा चेहरा, कडेने ग्रीकमध्ये नाव. नाण्याचा ठसा कोरायचा तो उलटा, तेव्हा नाण्यावर सुलटं उमटतं. कोरणाऱ्याला वाचता येत असेलच असं नाही. समोर दिसेल तो आकार बिचारा उचलायचा. मग एखादं अक्षर पाठ फिरवून उभं, एखादं गळालेलं, जागा संपली की शेवटची दोन एकमेकांच्या मांडीवर. जहूरला या चुका बघायला फार गंमत वाटायची. "दोन हजार वर्षं झाली," तो म्हणायचा, "पण गडी अजून ओशाळलेला दिसतो."

पाकिटावर मात्र तो चूक कधी लिहायचा नाही. प्रत्येक नाण्याला कागदाचं छोटं पाकीट असतं, त्यावर वर्णन. धंद्याची रीत अशी, की पुस्तकातलं पूर्ण नाव सुबक लिहून टाकायचं. जे जुळत नाही ते झिजलंय असं धरायचं. 'झिजलेलं' हा शब्द या धंद्यात मिठासारखा वापरतात.

दुपारी उन्हामुळे रस्त्यावरची सगळी दुकानं बंद व्हायची तेव्हा जहूर शटर अर्ध्यावर ओढून आत बसायचा. मुलगी अफशां शाळा सुटली की तिथेच यायची, कारण नजमा, तिची आई, एका दवाखान्यात रिसेप्शनला, ती संध्याकाळी सुटायची. बाप डबा उघडायचा, लेक दप्तर टाकायची. जेवण झालं की तो पाकिटं लिहायचा आणि ती नाण्यांचे फोटो काढायची. तिच्या डाव्या भुवईत एक आडवी खूण होती, लहानपणी हर्णैच्या धक्क्यावर पडली होती त्याची. काही विचार करायचा असला की तिचं बोट त्या खुणेवर जायचं. जहूरच्या सगळ्या दिवसात त्याला सगळ्यात प्रिय असं काही असेल तर ते बोट.

२

खोका आणला महिपतीने. महिपती साताऱ्याकडचा, दोहाबाहेर मेसईदला कारखाने आहेत, तिथल्या कंपनीची बस चालवायचा. शटरखालून वाकून तो आत आला.

"काय जहूरभाई, झोपला व्हय?"

"तुझ्यासारखं स्टिअरिंगवर झोपता येत नाही आम्हाला. बस. काय आणलंस?"

"साळवीसाहेबांनी दिलंय. म्हणले, जहूरशिवाय कुणाच्या हातात द्यायचं न्हाई. इकून टाक म्हणाव."

सुरेश साळवी म्हणजे मेसईदच्या खतकारखान्यात स्टोअर सांभाळणारा, लांज्याचा, जहूरचा नाण्यातला दोस्त. दोघांनी एकेका अक्षरावरून तासन्‌तास भांडणं केलेली. त्याचा उजवा कान वरून तुटका होता, लहानपणी कुत्र्याने धरलेला, आणि तो स्वतःच म्हणायचा की नग चांगला, फक्त कड उडालेली.

"आणि सुरेश कुठाय?"

"गेले की गावाला. राजीनामा दिला, खलास. तुमाला बोलले न्हाईत?"

जहूरला हे लागलं. "बरं नव्हतं का त्याला?"

महिपतीने गळ्याभोवतीचा टॉवेल काढून तोंड पुसलं. "बरं म्हंजी काय सांगू. बशीत माझ्या मागल्याच शिटवर बसायचे. आरशात बघावं तर सारखं खिडकीकडं त्वांड. बोलायचे, हसायचे, पर मान काय वळायची न्हाई. म्या म्हणलं, आखडली आसंल. एशीचं वारं लागतंय."

खोक्यात पावत्या व्यवस्थित होत्या, कुठल्या लिलावातून काय घेतलं त्याच्या. पाकिटंही सुरेशच्या ठसठशीत अक्षरात. काही नाणी मात्र सुटीच होती, पाकिटाशिवाय. जहूरने ती ट्रेमध्ये मांडली आणि अफशांला म्हणाला, "चल, कामाला लाग."

३

आवाज त्याच दुपारी सुरू झाला.

घड्याळाच्या दुकानात टिकटिक कुणाला ऐकू येत नाही, जसा मासळीबाजारात कोळणीला मासळीचा वास येत नाही. पण ही टिकटिक जहूरला ऐकू आली, कारण ती घड्याळाची नव्हती. टिक्, टिक्, मग थांबून एक जपून मारलेली टिक्. मधेच काही नाही. आणि मग अगदी हलकी फुंकर, कामावर साठलेला कीस उडवावा तशी.

त्याने खिडकीतल्या एसीवर थाप मारली. आवाज थांबला. त्याला बरं वाटलं. एसीच होता तर. मग तो परत सुरू झाला, आणि एसी त्याच सुरात घरघरत राहिला.

"वर काम चालू आहे का कुणाचं?"

"अब्बा, वर टेरेस आहे," अफशां मान न उचलता म्हणाली.

पहिलं सुटं नाणं गॉर्डियनचं होतं, पोरवयात गादीवर बसलेला बादशहा. अक्षरांची रांग बरी होती, पण शेवटी एक भलतंच. ग्रीक रांगेत इंग्रजी आरसारखं अक्षर, तेही उलटं, आणि त्याचा तिरका पाय टोकाला वर वळलेला, सुकलेल्या पानासारखा. जहूरने भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहिलं. काही रोमन वसाहती लॅटिन अक्षरं वापरायच्या, तिथला कारागीर असेल, सवयीने हात गेला असेल. पटण्यासारखं होतं.

तेवढ्यात अफशांने एक पाकीट पुढे केलं. "आय डिड धिस वन."

तिला ग्रीक येत नव्हतं. तिने दिसलं तसं सगळं चितारलं होतं: वेडीवाकडी अक्षरं, तो उलटा आर, त्याचा वळलेला पायसुद्धा.

"हे काय? असं लिहितात का?" जहूर हसला. "लोक म्हणतील परकारला वाचता येत नाही."

"पण दॅट्स व्हॉट्स देअर, अब्बा."

"तिथे काय आहे ते नाही लिहायचं. तिथे काय असायला पाहिजे ते लिहायचं."

बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की आवाज थांबला आहे. तिने पाकीट लिहिलं तेव्हापासूनच बहुतेक. दुकान इतकं शांत की एसीचं पाणी बाहेर डब्यात पडताना ऐकू यावं. मग त्याने तिचं पाकीट फाडलं, नवीन घेतलं, पुस्तकातलं नाव पूर्ण लिहिलं, शेवटी 'झिजलेलं' लिहिलं.

टिक्.

४

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याची नजर दाराच्या काचेवर गेली. काचेवर बाहेरच्यांसाठी इंग्रजीत चिकटवलेलं होतं: वॉच रिपेअर. उन्हाने शेवटच्या आरचा पाय सुटला होता आणि टोक वर वळलं होतं. महिनाभर तो म्हणत होता की नवीन अक्षर लावू.

घास हातातच राहिला. त्याने हात पुसून ते नाणं काढलं. काचेकडे पाहिलं, नाण्याकडे पाहिलं. तसाच पाय. तसंच वळलेलं टोक.

योगायोग, त्याने स्वतःला सांगितलं. पाय असलेलं कुठलंही अक्षर झिजलं की असंच दिसणार. मग तो शटरखालून बाहेर गेला, भर उन्हात, आणि रस्त्यावरून काचेकडे पाहिलं. बाहेरून आर सरळ होता. उलटा दिसत होता तो फक्त आतून. म्हणजे, बुद्धी त्याची परवानगी न घेता पुढे चालत राहिली, ज्याने कुणी हे बघून कोरलं, त्याने ते आतून पाहिलं. काउंटरच्या मागून. मी बसतो तिथून.

समोरच्या कॅफेटेरियातला रहमान बंद दाराशी खुर्ची टाकून बसला होता. "क्या हुआ भाई, दुकान खरीदने का है क्या? ऐसे क्या देखता है?"

"अक्षर निकल गया," जहूर म्हणाला आणि आत आला.

स्टुलावर चढून त्याने ते सुटलेलं अक्षर खरवडून काढलं. पण ट्रेमधलं पुढचं नाणं हातात घेतलं आणि त्याला ते काढल्याचा काही उपयोग वाटेना. हे सेव्हेरस बादशहाचं होतं. सेव्हेरसला भरगच्च दाढी, शाळकरी पोरही ओळखेल. या चेहऱ्याला दाढीच नव्हती. गुळगुळीत हनुवटी, खाली लोंबणारी कातडी, आणि कान. कानाची वरची कड उडालेली.

"साळवीचा कान," तो मोठ्याने म्हणाला, आणि कुणी ऐकलं तर हसेल म्हणून आधी स्वतःच हसला. कड उडालेली नाणी शेकड्याने असतात. त्याने लिहिलं: सेव्हेरस. दाढी झिजलेली.

लिहून झालं आणि कुठेतरी, अगदी जवळ, कुणीतरी फुंकर मारली.

५

राणीचं नाणं अफशांनेच उचललं. गॉर्डियनची बायको, त्रांक्विलिना, लहान वयात लग्न होऊन आलेली पोर. तिच्या नाण्यांवर केसांची वेणी मानेवर गुंडाळून वर नेलेली असते.

"अब्बा, लुक. शी हॅज अ पोनीटेल."

जहूरने नाणं घेतलं. उंच बांधलेले केस, वर जाड रबरबँड असावा तसा उंचवटा, आणि मागे झुललेला शेपटा. चेहरा उजवीकडे. उजव्या गालावर डोळ्याखाली एक ठिपका.

त्याने समोर पाहिलं. अफशां भिंगातून वाकून बघत होती. उंच बांधलेले केस. उजव्या गालावर डोळ्याखाली तीळ.

"शी लुक्स लाइक मी," ती म्हणाली, आणि तिला त्याची मोठी मजा वाटत होती. "फेमस झाले मी. रोमन एम्प्रेस. अम्मीला सांगू?"

"गंजाचा ठिपका आहे तो."

"अब्बा. सिरियसली."

तुम्ही म्हणाल, तिथेच खोका बंद करायचा, महिपतीच्या बशीत टाकायचा. पण माणूस असा नसतो. ज्या गोष्टीची भीती वाटते तिला तो आधी ओळखीचं नाव देऊन टाकतो. जहूरने पाकीट ओढलं आणि नेहमीपेक्षा सुबक अक्षरात लिहिलं: त्रांक्विलिना, गॉर्डियनची पत्नी. गालावर गंज.

त्या दुपारी टिकटिक थांबलीच नाही. आवाज घाईचा नव्हता. मनासारखं काम मिळालेल्या माणसाचा आवाज होता तो.

६

त्यानंतर अफशां तिरकी बसू लागली.

पहिल्यांदा त्याला वाटलं रुसली आहे. स्टुलावर बसायची, तोंड दाराकडे, म्हणजे त्याच्या उजवीकडे. बोलायची, हसायची, डबा खायची. पण तोंड तिकडेच.

"इकडे बघ गं जरा."

"बघतेय ना अब्बा."

"माझ्याकडे बघ."

"आय ॲम लुकिंग ॲट यू." आणि खरंच तिच्या आवाजात थोडा वैताग होता, समोर बघत असलेल्या माणसाला विचारल्यावर येतो तसा.

त्याने त्या दिवशी महिपतीला फोन केला. महिपतीची बस त्या दिवशी गॅरेजला होती, तो त्याच्या मित्राची गाडी घेऊन आला आणि अफशांला घरी सोडून आला. दुकानात काहीतरी आहे, घरी गेली की ठीक होईल, असा जहूरचा हिशेब. कुराणातली आयतुल कुर्सी पुटपुटत जहूर शटरजवळ उभा राहिला. आत टिकटिक नव्हती. पोर गेली तशी तीही गेली होती.

मग नजमाचा फोन आला.

"काय बोललात तिला?"

"काही नाही. का?"

"मी दवाखान्यातून येऊन बघते तर भिंतीला खांदा लावून बसलीय. मी या बाजूने जाते, त्या बाजूने जाते, तोंड दाखवत नाही. काय तरी बोललातच तुम्ही." नजमाने आवाज चढवला. "आणि तुम्ही ते घड्याळ दुरुस्तीचं काम घरी पाठवू नका हो. सारखं टिक् टिक्. डोकं उठलं."

त्याने कुठलंही काम घरी पाठवलं नव्हतं.

७

त्याने सुरेशला व्हिडिओ कॉल लावला. उचलला कोमल वहिनीने, सुरेशच्या बायकोने. ओटीवर ऊन होतं, मागे आमसुलं वाळत घातलेली.

"भावजी, बरं झालं फोन केलात. मी कुणाला सांगू कळत नाही. हे बघा." तिने फोन वळवला.

सुरेश खुर्चीवर बसला होता. उजवा गाल, तुटका कान. "काय परकार," तो म्हणाला, नेहमीच्याच आवाजात. "खोका पोचला?"

"पोचला. इकडे बघ की मेल्या."

"बघतोय."

फोन हलला. कोमल त्याच्याभोवती चालत असावी. मागे आमसुलं गेली, मग दार आलं, मग भिंतीवरचं कॅलेंडर. सुरेशचा उजवा गाल आणि तुटका कान पडद्यावर जसाच्या तसा राहिला.

"समोर जेवायला बसले तरी मला कानच दिसतो," कोमलचा आवाज आला. ती रडत नव्हती. रडून झालं असावं.

जहूरने विचारलं, "सुरेश, सुट्या नाण्यांना पाकिटं का नव्हती रे?"

"फाडली मी. निघायच्या आधी." फोनमधून, लांज्याच्या ओटीवरून, ती टिक् आली. "तू लिहिलीस का नवीन?"

"लिहिली."

"काय लिहिलंस?"

"पुस्तकात आहे ते."

"मीपण तेच लिहिलं होतं," सुरेश म्हणाला. "फाडून काय उपयोग झाला नाही. दुसरं काय लिहायचं ते मला सुचलं नाही, जहूर. आपल्याला कुठे तसं लिहायची सवय आहे."

८

जहूरने खूप विचार केला असं नाही. त्याला एकच आठवत होतं: पोरीने दिसलं तसं चितारलं तेव्हा दुकान शांत झालं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने फाडलं होतं.

त्याने नजमाला सांगितलं, तिला दुपारी दुकानात आण. नजमाने कारण विचारलं नाही, यावरून तिची काय अवस्था होती ते ओळखा. अफशांला स्टुलावर बसवून ती बाहेर शटरपाशी उभी राहिली. आत यायला तिचे पाय तयार नव्हते.

जहूरने ट्रे काढला. गॉर्डियनच्या नवीन पाकिटावर तो उलटा आर काढला, वळलेल्या पायासकट, आणि खाली लिहिलं: माझ्या दुकानाच्या काचेवरचं अक्षर, आतून दिसायचं तसं. हे सोपं होतं. सेव्हेरसच्या पाकिटावर लिहिलं: दाढी नाही, झिजलेलीही नाही. चेहरा सुरेश साळवी, लांजा. उजवा कान तुटका. टिकटिक जरा मंदावली, ऐकायला थांबावी तशी.

मग राणीचं नाणं.

जिवंत पोरीचं नाव या पाकिटावर कसं लिहायचं? पुस्तकातलं नाव लिहिलं तर काय होतं ते त्याला माहीत होतं. खरं लिहिलं तर काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याने पेन टेकवलं. चेहरा, त्याने लिहिलं, माझी मुलगी अफशां. उजवी बाजू पूर्ण. गालावर तीळ, गंज नाही.

टिकटिक पूर्ण थांबली. अफशां हलली नाही.

मग त्याच्या लक्षात आलं की अजून अर्धंच लिहिलंय. तो उठला आणि काउंटरला वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला गेला. उजवा गाल दिसला. तीळ दिसला. तो आणखी पुढे गेला, तिच्या समोर. उजवा गाल. तीळ. तो परत फिरून आला आणि त्याला कळलं की पूर्ण फेरी झाली आहे.

"अब्बा, व्हाय आर यू वॉकिंग अराउंड मी?" ती म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला होता.

घड्याळांच्या कपाटाला मागे आरसा असतो, माल दुप्पट दिसावा म्हणून. पट्ट्यांच्या मधून जहूरने त्या आरशात पाहिलं.

तिथे तिची डावी बाजू होती. ती तांब्याच्या पत्र्यासारखी सपाट होती, उन्हात नुकतीच घासलेली. डोळ्याच्या जागी काही नव्हतं. फक्त कपाळाजवळ, जिथे भुवई सुरू व्हायला पाहिजे, तिथे एका बारीक कोरणीचं टोक टेकलेलं होतं. धरणारी बोटं आरशाच्या कडेपर्यंतच दिसत होती. ती बोटं थांबली होती. वाट बघत होती, नमुना समोर ठेवेपर्यंत कारागीर बघतो तशी.

जहूरने नजर काढली आणि पाकिटावर वाकला. जे पाहिलं ते लिहिलं: डावी बाजू कोरायची राहिली आहे.

लगेच टिक्‌ टिक्‌ टिक्‌ सुरू झालं, तिच्या कानाशी, त्याच्या कानाशी. त्याने डोळे मिटले नाहीत पण आरशाकडे पाहिलंही नाही. अफशांचा हात घट्ट धरून ठेवला, तो गरम होता, तिचाच होता. शेवटी एक लांब फुंकर आली. तिच्या कपाळावरचे केस उडाले.

आणि अफशांने मान वळवून सरळ त्याच्याकडे पाहिलं. दोन डोळे, पाण्याने भरलेले.

"अब्बा," ती म्हणाली, "कॅन वी गो होम?"

९

संध्याकाळी कोमल वहिनीचा फोन आला. आज समोर बसून जेवले, दोनदा भात मागितला. देव तुमचं भलं करो. मग म्हणाली:

"भावजी, एक विचारू? हसू नका. यांचे दोन्ही कान तुटके होते का हो? मला मेलीला आठवेनासं झालंय."

जहूरने फोन ठेवला. स्वयंपाकघरात नजमा आणि अफशां भाकऱ्या करत होत्या, हसत होत्या. तो दाराशी उभा राहून बघत राहिला. मग भिंतीवरचा अफशांचा शाळेचा फोटो काढून दिव्याखाली नेला. फोटोत उजव्या गालावर तीळ, डाव्या भुवईत खूण. खिशावरचं शाळेचं नाव सरळ वाचता येत होतं, म्हणजे फोटो उलटा छापलेला नव्हता.

स्वयंपाकघरातल्या अफशांच्या दोन्ही गालांवर तीळ होता. दोन्ही भुवया सलग होत्या.

कोरणाऱ्याने कधी डावी बाजू पाहिलीच नव्हती. समोर होतं त्यावरूनच त्याने काम उरकलं.

"वय वाढतं तसे तीळ येतात," नजमा म्हणाली, त्याने दाखवलं तेव्हा. "आणि खुणा भरून येतात." तिने फोटो त्याच्या हातातून घेतला आणि परत खिळ्याला लावला, जरा घाईने. हर्णैच्या धक्क्यावरून रक्ताने माखलेल्या पोरीला उचलून धावली होती ती नजमाच.

अफशां अभ्यासाला बसली. गणित अडलं असावं. तिचं बोट डाव्या भुवईवर गेलं, तिथे काहीतरी शोधत राहिलं, पुढे मागे, पुढे मागे, आणि सापडलं नाही म्हणून तिथेच थांबलं.

खोका अजून दुकानात आहे. राणीच्या पाकिटावर शेवटची एक ओळ रिकामी आहे. जहूर रोज दुपारी ते काढतो, पेन उघडतो, आणि दरवेळी हाताशी तो एकच शब्द येतो, धंद्यात मिठासारखा वापरतात तो. कोरणाऱ्याची चूक, दोन तीळ आणि गेलेली खूण, दिसते तशी लिहिली तर ती कायमची होईल असं त्याला वाटतं. ती झाकून तो शब्द लिहिला, तर काय ऐकू येईल ते त्याला माहीत आहे. सध्या पेन परत बंद होतं. दुकान शांत आहे, पण वाट बघणारी शांतता आहे ती.

चहा गार झाला तुमचा. प्या. आणि तुम्हीही या धंद्यात उतरणार असाल तर एवढं करा: पुस्तकाला मान द्या, पण पाकिटावर दिसतं तेच लिहा. घरच्या माणसाबद्दल असलं तरी. हिशेब खरा ठेवा.